बारा दगड, बारा चिठ्ठ्या आणि सिन्नर-दिंडोरीचे दोन दिवस

मागच्या पोस्टखाली एकीने विचारलंय, "नाशिकला दोन दिवस हाताशी असतील तर काय बघावं?" घाट, मंदिरं, लेणी याबद्दल सगळे सांगतात, मी वेगळं सांगते. पिशवीत एक चाकू, तांब्याचं एखादं जुनं नाणं, मोरीच्या कामातून उरलेली टाइल, लोहचुंबक आणि दोन लिंबं टाका आणि सिन्नरची एसटी पकडा. मी २००५ च्या ऑक्टोबरात अशीच गेले होते. सहलीला म्हणून नाही. एका माणसाच्या डोळ्याला डोळा देता येईना, म्हणून.

तो माणूस म्हणजे आमच्या शाळेचे शिपाई पोपटमामा. तेव्हा तेहतीस वर्षं नोकरी झालेली, पुढच्या मार्चमध्ये निवृत्ती, आणि सर्व्हिस बुक कोरं करकरीत, एकही शेरा नाही. मी त्याच शाळेत शिकले आणि आता तिथेच भूगोल शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत एक लाकडी पेटी आहे. तिच्यात बारा कप्पे, बारा खनिजं आणि प्रत्येक दगडावर खळीने चिकटवलेली नावाची चिठ्ठी. पेटी जमवली देवरे सरांनी, म्हणजे माझ्याच विज्ञानाच्या सरांनी.

खंडेनवमीला आमच्याकडे प्रयोगशाळेची पूजा असते. सूक्ष्मदर्शक, तराजू, शाळेची घंटा, सगळं पुसून मांडायचं आणि हळदकुंकू वाहायचं. पेटीवर बोटभर धूळ होती. मी जाता जाता म्हणाले, "मामा, हे दगड स्वच्छ धुऊन घ्या हो." मामांनी ते बादलीत भिजत घातले. गव्हाच्या पिठाची खळ ती, तासाभरात सुटली. मामांनी एकेक चिठ्ठी अलगद उचलून खिडकीच्या गजावर वाळवली, एकही फाटू दिली नाही. पण कुठली चिठ्ठी कुठल्या दगडाची, हे कुणाला सांगता येणार?

सोमवारी शाळेची तपासणी होती. मुख्याध्यापकांनी मामांना ऑफिसात उभं केलं. "सोमवारपर्यंत पेटी होती तशी झाली पाहिजे, नाहीतर सर्व्हिस बुकात शेरा जाईल." मी तिथेच हजेरीपट घेऊन उभी होते. धुवायला मी सांगितलं होतं. मामांनी माझ्याकडे पाहिलंही नाही आणि मी तोंड उघडलं नाही. माझ्या बढतीचे कागद त्याच महिन्यात जायचे होते. लिहिताना आजही लाज वाटते.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी आणि मामा स्टाफरूममध्ये बसलो. कॉलेजचं जुनं पुस्तक काढलं. पुस्तक सांगतं की खनिज ओळखायचं ते कठीणपणावरून, चकाकीवरून, वजनावरून, फुटण्याच्या तऱ्हेवरून आणि टाइलच्या खरखरीत पाठीवर घासल्यावर उमटणाऱ्या रेघेवरून. वाचताना सगळं सोपं वाटलं. अभ्रकाचे पापुद्रे निघाले, शंखजिरं हाताला साबणासारखं लागलं, गॅलिना उचलताच कळलं, एवढासा तुकडा आणि शिशासारखा जड. पायराइट सोन्यासारखं दिसत होतं, पण रेघ काळी. उरलेल्या दोन काळ्यांत मी गोंधळले. एकाची रेघ विटकरी आली, ते हेमॅटाइट. दुसऱ्याला लोहचुंबक चिकटलं, ते मॅग्नेटाइट.

सहा झाले. उरलेले सहाही पांढरे. चिठ्ठ्या होत्या गारगोटी, कॅल्साइट, जिप्सम, स्टिलबाइट, अपोफिलाइट आणि फेल्डस्पार. मी ते टेबलावर रांगेत मांडले, मग रांग बदलली, मग परत पहिल्यासारखी केली. काही उपयोग नाही. साखर, मीठ, तुरटी आणि खडीसाखर एकाच ताटात ओतून 'आता निवड' म्हणावं, तसली गत.

"देवरे सरांना विचारू," मामा म्हणाले. मी दिंडोरीला त्यांच्या मुलीकडे फोन केला. तिने सांगितलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडाच झालाय, रविवारी पट्टी निघेल, तोवर त्रास नको. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं. सरांसमोर जाऊन काय सांगणार होते, तुमची पेटी आम्ही बादलीत बुडवली?

"मग सिन्नरला जाऊ," मामा म्हणाले. "माझा मेव्हणा विहिरी खोदायचा. आता विहिरीतून निघतात ते खडे इकतो. त्याला लय ठावं हाय."

शनिवार, सिन्नर

सकाळची शाळा आटोपून नाशिकरोडहून सिन्नरची एसटी धरली. खिडकीकडची जागा मिळाली, मोहदरीच्या घाटात पावसाळ्याचं हिरवेपण अजून टिकून होतं. घाट कसला, मोठा चढच म्हणा, पण कापलेल्या कडेला काळ्या दगडात पांढरे ठिपके दिसतात. इतकी वर्षं मी त्यांना पक्ष्यांची शिट समजत होते. ते खनिजांनी भरलेले बुडबुडे असतात. लाव्हा थंड होताना त्यात पोकळ्या राहिल्या आणि पुढे पाणी मुरून त्यांत स्फटिक वाढले. भूगोलाच्या बाईंना हे माहीत असायला हवं होतं, हो, मान्य आहे.

बसमध्येच प्रयोग सुरू केले. जिप्सम इतकं मऊ की नखाने ओरखडा उठतो, असं पुस्तकात लिहिलंय. मी सहाही दगडांवर नख ओढलं. एकावरही काही उठलं नाही, नख मात्र तुटलं. मामांनी अंगठा पुढे केला. तेहतीस वर्षं फरशा घासलेलं ते नख, शिंपल्यासारखं जाड. एका दगडावर लख्ख ओरखडा उठला.

"हे जिप्सम," मी म्हणाले.

"पन तुमच्या नखानं तर नाय उठला."

"माझं नख नाजूक आहे."

"मग पुस्तकात कोनाचं नख धरायचं, ते लिव्हलंय का?"

लिहिलेलं नव्हतं. मी जिप्समची चिठ्ठी त्या दगडाला रबरबँडने बांधली आणि वहीत पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

सिन्नर स्टँडवर भेळ खाल्ली. इथे शेंगदाणे हात सैल सोडून घालतात, आवर्जून खा. लिंबू सरबतवाल्याकडून अर्धं लिंबू मागून घेतलं. कॅल्साइटवर आंबट पडलं की फसफसतं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. पाच दगडांवर रस पिळला. काही नाही. सरबतवाला म्हणाला, "ताई, मीठ लावून बघा." बाजूचे दोघं-तिघं हसले. मीही हसले आणि उरलेलं लिंबू पिशवीत टाकलं.

पुढे शेअर जीप. आत दहा, मागे लटकलेले चार. पोहोचायला अर्धा तास लागतो, सुटायला मात्र जीप भरेपर्यंत कितीही. मांडीवर पेटी घेऊन बसलेल्या मामांना मी शेवटी विचारलंच, "मामा, ऑफिसात तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

मामा बाहेर बघत म्हणाले, "बाई, माझं पाच म्हैन्यांचं राह्यलंय. तुमचं अजून वीस वर्सं हाय."

मी पेटीचा एक कोपरा माझ्या मांडीवर ओढून घेतला.

निवृत्तीभाऊ, म्हणजे मामांचे मेव्हणे, ओट्यावर कुलथी निवडत बसले होते. घराच्या मागे पत्र्याच्या खोलीत खोकी होती, प्रत्येकात जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले स्फटिक. हिरवट, दुधी, सुयांच्या गड्ड्यासारखे, कापसाच्या बोंडासारखे. मी आ वासून बघत राहिले. व्यापारी येतात, घेऊन जातात, पुढे परदेशात जातात म्हणे. (तुम्ही गेलात तर विकत घ्या किंवा नुसते बघा. हातोडी घेऊन कुणाच्या विहिरीत किंवा खाणीत विचारल्याशिवाय उतरू नका. कडा ठिसूळ असतात.)

भाऊंनी आमचे पाच पांढरे सुपात घालून उजेडात ठेवले. पुस्तक बाजूला सारलं. पहिला दगड विळ्यावर घासला, विळ्याला ओरखडा आणि दगडाला काही नाही. "ही गार. हिला पोलाद बी काय करत नाय." दुसरा तिरका धरला, त्याच्या पात्या एका जागी बांधल्यासारख्या आणि वर उलगडलेल्या. "ह्यो पंख्यावानी उघडतो. अंगाला मोत्यावानी चमक." स्टिलबाइट. तिसऱ्याची टोकं चौकोनी, माथा कापल्यासारखा सपाट. "ह्यो माथ्यावर चमकतो, बाजूनं नाय. हिरवा बी सापडतो, मंग भाव येतो." अपोफिलाइट.

"लिंबू लावलं, पण काही झालं नाही," मी चौथा पुढे केला.

भाऊंनी चाकूने त्याची चिमूटभर पूड खरवडली, पुडीवर माझंच उरलेलं लिंबू पिळलं आणि पूड चरचरत बुडबुडली. "अख्ख्याला आंबट लागत नाय लवकर. पूड करावी लागती." लहान पोरीसारखी मी टाळी वाजवली. कॅल्साइट!

राहिला एक दगड, राहिली एक चिठ्ठी, फेल्डस्पार. इथे सगळं संपायला हवं होतं. पण भाऊ तो दगड फिरवत राहिले. पांढऱ्यात जराशी गुलाबी झाक, एका कोपऱ्याला टवका. पुस्तकाप्रमाणे फेल्डस्पारने काच ओरखडली पाहिजे. मी त्यांच्या रिकाम्या बाटलीवर दगड दाबून ओढला. काच तशीच. उलट भाऊंच्या चाकूने दगडावरच रेघ उठली. पुन्हा केलं, तेच. बाटली बदलून केलं, तेच.

"भाऊ, मग हे काय आहे?"

"आपल्याकडचाच वाटतो. पन ह्यो असा मी काडलेला नाय. ठावं नाय तर कशाला नाव घिऊ?"

फेल्डस्पारची चिठ्ठी आहे आणि फेल्डस्पार नाही. म्हणजे खरा दगड हरवला आणि हा दुसराच कुठला तरी पेटीत आला. सोमवारी मुख्याध्यापक दुसरं काय म्हणणार? आणि तिथे, मामांच्या मेव्हण्यासमोर, मी ते विचारून बसले. "मामा, धुताना एखादा हरवला, म्हणून दुसरा ठेवला, असं तर नाही ना झालं?"

मामांनी पेटीचं झाकण लावलं. "नाय बाई," एवढंच म्हणाले.

जेवायला बाजरीची भाकरी आणि गरमागरम शेंगोळी होती. वहिनींनी कुलथीच्या पिठाची ती वेटोळी तीनदा वाढली. चव अप्रतिम, पण मी मान खाली घालूनच जेवले. परतीच्या जीपमध्ये आणि एसटीत मामा माझ्याशी बोलले नाहीत. उतरताना पेटी माझ्या हातात दिली. तेहतीस वर्षांत कुणी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं नव्हतं. ते काम मी केलं, तेही स्वतःची चूक पोटात ठेवून.

रविवार, दिंडोरी

सकाळी मी एकटीच जायचं ठरवलं होतं. सीबीएस स्टँडवर पोहोचले तर दिंडोरीच्या फलाटावर मामा उभे, इस्त्रीचा सदरा घालून. "सरांना बघायचंय," म्हणाले. माझ्याकडे बघून नव्हे, बसच्या पाटीकडे बघून.

दिंडोरीला पाऊण तास लागतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागांची छाटणी चालली होती. तारांवर नुसत्या काड्या, खाली पानांचा खच, कात्र्या घेतलेल्या बायांच्या रांगा. द्राक्षं बघायला जाणार असाल तर जानेवारीनंतर जा, ऑक्टोबरात बाग ओळखूही येत नाही. मला तर त्या दिवशी काहीच ओळखू येत नव्हतं. सरांना काय सांगायचं, मामांची माफी कशी मागायची, आणि दगडाचं काय? चुकून मी दोन थांबे आधीच उठून दाराशी गेले.

देवरे सर पडवीत खुर्चीवर बसले होते, डोळ्याला काळा चष्मा. पट्टी सकाळीच निघाली होती. त्यांच्या मुलीने, सुनंदाताईने, चहा आणि बेदाण्यांची वाटी ठेवली. मी सगळं सांगितलं. सगळं म्हणजे खंडेनवमी, बादली, चिठ्ठ्या, सिन्नर. फक्त कोणी धुवायला सांगितलं तेवढं गाळून. मामा बेदाणे न खाता बसले होते.

सर चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "अकरा जमले? वैशाली, तुला दहावीत गारगोटी आणि तुरटीतला फरक सांगता आला नव्हता."

"ते निवृत्तीभाऊंनी ओळखले सर. आणि जिप्सम मामांच्या नखाने."

"मग बारावा?"

मी दगड त्यांच्या तळहातावर ठेवला. "हा आपल्या पेटीतला नसावा सर. काच ओरखडत नाही."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, दगड डोळ्याजवळ नेला आणि अंगठ्याने तो टवका चाचपला. मग म्हणाले, "पेटीतलाच आहे. हा टवका मीच हातोडीने काढला होता, आतून बघायला. एका पोराने विहिरीवरून आणून दिला होता."

"पण मग फेल्डस्पार…"

सर हसले. ते सटाण्याकडचे, शाळेत कधी बोलले नाहीत त्या घरच्या बोलीत म्हणाले, "हाई काय शे, माले माहीत नही." मग प्रमाण मराठीत आले. "पेटी केली तेव्हा दुसऱ्या दिवशी तपासणी होती. बारा कप्पे आणि नावं अकरा. रिकामी चिठ्ठी बरी दिसेना. गुलाबी झाक बघितली आणि लिहून टाकलं फेल्डस्पार. तुम्हाला वर्षानुवर्षं घोकून घेतलं, रंगावर जाऊ नका, रंग सगळ्यात खोटा, आणि मी स्वतः रंगावर गेलो. नंतर काचेवर ओढून बघितला तेव्हा कळलं. पण तोवर चिठ्ठी चिकटली होती."

"काढली का नाही सर?"

"सगळे सर म्हणायचे ना मला," ते म्हणाले.

मी मामांकडे पाहिलं. मामांचे डोळे भरले होते. ते म्हणाले, "सर, लय बरं झालं. मला वाटलं, खरंच बादलीत ऱ्हायला का काय. आज पाह्यटं शाळेत जाऊन मोरी उपसून बघितली मी."

पहाटे मोरी उपसली. म्हणजे माझ्या प्रश्नामुळे त्यांनी स्वतःवरच संशय घेतला होता. मला रडू कोसळलं, सरांसमोर, सुनंदाताईसमोर, हातात बेदाणे तसेच. आणि ते गाळलेलं वाक्य बाहेर पडलं. "धुवायला मी सांगितलं होतं सर. मामांनी नाव घेतलं नाही आणि मीही गप्प बसले. वर काल मी त्यांनाच विचारलं, दगड बदलला का म्हणून. मामा, चुकलं माझं."

मामांनी खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला. सर दगड हातात फिरवत बसून राहिले. आम्ही निघताना त्यांनी पेटी मागितली, फेल्डस्पारची चिठ्ठी घेतली, दोन तुकडे करून बेदाण्यांच्या वाटीत टाकली आणि म्हणाले, "नवी तू लिही."

सोमवार

मामांनी पहाटे घरून खळ शिजवून आणली होती. अकरा चिठ्ठ्या जागच्या जागी लावल्या. बाराव्यावर मी माझ्या अक्षरात लिहिलं, 'ओळख पटलेली नाही. काचेपेक्षा मऊ. नखापेक्षा कठीण.'

मग तपासणीच्या आधी ऑफिसात गेले आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर अर्ज ठेवला. दगड धुण्याची सूचना माझी होती, शिपाई निर्दोष आहेत. त्यांनी तो दोनदा वाचला. "बाई, इतके दिवस कुठे होतात?"

"सिन्नरला आणि दिंडोरीला, सर."

शेरा माझ्या सर्व्हिस बुकात गेला. बढतीचे कागद त्या वर्षी गेले नाहीत. नवऱ्याने घरी विचारलं, "एवढं करून मिळालं काय?" त्या दगडाचं नाव अजून कळलेलं नाही. दरवर्षी नववीची मुलं तो काचेवर ओढून बघतात, भांडतात, नवीनच नाव काढतात. परवा एका मुलीने मला विचारलं, "बाई, तुम्हाला पण माहीत नाही?" मी नाही म्हणाले, आणि ते म्हणताना बरं वाटलं, एवढं मात्र नक्की.

मामा मार्चमध्ये कोरं सर्व्हिस बुक घेऊन निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी नारळ आणि शाल काखेत धरून ते प्रयोगशाळेत आले, पेटीवरची धूळ फडक्याने पुसली आणि म्हणाले, "बाई, माझ्या जागी येईल त्याच्यासाठी एक करा. दसऱ्याला दगड धुवायचे का नाय, ते तेवढं लिहून सही करून ठिवा."

मी तिथल्या तिथे लिहिलं, 'दगड धुवू नका, कोरड्या फडक्याने पुसा.' झाकणाच्या आतल्या बाजूला तो कागद अजून आहे, खाली माझी सही.